सेवेचा परवाना

बंगळूरच्या छावणीच्या भागाला तिथले जुने लोक ‘दंडु’ म्हणतात. कानडीत दंडु म्हणजे फौज. जुने पुणेकर जसे ‘गावात’ आणि ‘लष्करात’ असा भेद करत, तसे इथे ‘पेटे’ आणि ‘दंडु’. १८०९ मध्ये इंग्रजांनी छावणी वसवली आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे एकाच नावाची दोन गावे शेजारी शेजारी नांदली. एकीकडे म्हैसूर संस्थानाची गजबजलेली पेठ, दुसरीकडे इंग्रजांची छावणी, आणि पुढे या दोहोंच्या मधोमध कब्बन पार्क.

या छावणीत १८६८ साली ‘बंगळूर रायफल व्हॉलंटिअर्स’ नावाची पलटण उभी राहिली. अशा पलटणी त्या काळी हिंदुस्थानात ठिकठिकाणी निघत होत्या. त्यातला माणूस दिवसा कचेरीत, दुकानात, शाळेत किंवा रेल्वेत काम करी आणि ठरल्या दिवशी गणवेश चढवून कवायतीला किंवा चांदमारीला जाई. विलायतेत १८५९ मध्ये फ्रेंच स्वारीची आवई उठली तेव्हा गावोगावी असे हौशी बंदूकधारी उभे राहिले होते. इथल्या पलटणींमागची भीती मात्र देशीच होती. १८५७ ला फार वर्षे लोटली नव्हती, आणि पुन्हा तसेच काही घडले तर फौज येईपर्यंत आपली बायकामुले आपणच राखली पाहिजेत, असे प्रत्येक छावणीतल्या गोऱ्या वस्तीला वाटत होते.

पलटणीत नाव घालायला दोन गोष्टी लागत. पहिली इच्छा, दुसरी वंश. युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन असल्याशिवाय हाती रायफल मिळत नसे. कब्बन पार्कच्या पलीकडच्या पेटेतल्या एखाद्या वकिलाला किंवा सावकाराच्या मुलाला स्वखर्चाने शहराचे रक्षण करावेसे वाटले असते, तरी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

स्वयंसेवेचा इतिहास म्हटले की कोणी किती त्याग केला याची जंत्री आपल्यापुढे येते. बंगळुरात उभे राहून पाहिले की त्याआधीचा प्रश्न दिसतो. सेवा करायची परवानगी कोणाला होती? आणि ती द्यायची की नाही, हे कोण ठरवत होते?

मराठी माणसाला हा प्रश्न तसा जुनाच आहे, फक्त त्याची भाषा घोड्यांची आहे. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा घेणारा तो बारगीर. शिलेदाराला स्वयंसेवक म्हणता येणार नाही. त्याला पैसा मिळे आणि तो बारगिरापेक्षा जास्त मिळे. पण तो आपल्या भांडवलावर आलेला असे. घोडा त्याचा, म्हणून मर्जीही त्याची. शिवाजी महाराजांनी शिलेदार ठेवले, तरी भर पागेवर म्हणजे बारगिरांवर दिला, तो याच कारणाने. आपणहून आलेला माणूस आपणहून निघूनही जाऊ शकतो, हे प्रत्येक राज्यकर्त्याला कळते.

ज्या बंगळुरात १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, त्याच्या आसपासच्या मुलखात हा शिलेदार शब्द पुढेही टिकला. टिपूनंतरच्या म्हैसूर संस्थानाच्या घोडदळाला इंग्रज दप्तरांत ‘सिल्लेदार हॉर्स’ म्हणत. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून आला तेव्हा म्हैसूरचे हे स्वार त्याच्या बरोबर होते. जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ ला. बरोबर ११५ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, म्हैसूर लान्सर्स आणि जोधपूर लान्सर्स यांनी पॅलेस्टाइनमधल्या हैफा गावावर भाले घेऊन घोडे घातले. तारखांचा हा योगायोग म्हैसूरकरांच्या फारसा लक्षात नाही, आणि असई आमच्या दुःखाची असल्याने आमच्याही नाही.

आता पुन्हा परवान्याकडे. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. हिंदी माणसाने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा झाला, युरोपियनांना मात्र सूट राहिली. १८८५ च्या मार्चमध्ये रशियन फौजांनी अफगाण सरहद्दीवर पंजदेहला अफगाणांना मारून काढले आणि कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत युद्धाची चर्चा सुरू झाली. तेव्हा शिकलेल्या हिंदी लोकांनी सरकारकडे मागणी केली, की आम्हालाही व्हॉलंटिअर पलटणींत घ्या, आम्ही देशाच्या रक्षणाला तयार आहोत. सरकारने मानले नाही. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली कलकत्त्याला काँग्रेसचे दुसरे अधिवेशन भरले, त्यात या मागणीचा ठराव झाला. राजा रामपाल सिंह त्यावर बोलले. पुढच्या वर्षी मद्रासला तोच विषय पुन्हा निघाला.

ही मागणी आज वाचताना थोडे हसू येते. साम्राज्याचे रक्षण आम्हाला करू द्या, अशी विनवणी साम्राज्याखाली दबलेले लोक करत होते! पण मागणारे भोळे नव्हते. पोटासाठी पलटणीत शिरणारा शिपाई सरकारला हवाच होता, लाखांनी हवा होता. पगार न घेता, आपल्या मनाने, आपल्या गावासाठी बंदूक धरणारा नागरिक सरकारला नको होता. असा माणूस एकदा मान्य केला की त्याचे नागरिकपण मान्य करावे लागते. काँग्रेसवाल्यांना ते कळत होते आणि लाटसाहेबांनाही कळत होते.

बंदूक मिळेना तेव्हा काहींनी डोली उचलली. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले आणि मोहनदास गांधींनी नाताळातल्या सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे केले. त्यात स्वतंत्र हिंदी रहिवासी होते, तसे मळ्यांवरचे गिरमिटिये मजूरही होते. जखमींना खांद्यावरून मैलोन्‌मैल वाहून नेणे हे त्यांचे काम. त्याच युद्धात, त्याच देशात, माफेकिंग नावाच्या गावाला २१७ दिवस वेढा पडला होता. माणसे कमी पडू लागली तेव्हा गावातल्या पोरांना निरोप पोचवण्याच्या आणि पहाऱ्याच्या कामाला लावले गेले. गावाच्या बचावाचा प्रमुख होता बेडन-पॉवेल. पोरे जबाबदारी दिली की ती पेलतात, हे त्याच्या मनात बसले आणि १९०८ मध्ये त्याचे बालवीरांवरचे पुस्तक निघाले. गांधींची डोलीवाली तुकडी आणि बेडन-पॉवेलची पोरे एकाच युद्धाच्या धगीतून निघाली. विसाव्या शतकातल्या नागरी स्वयंसेवेच्या दोन मोठ्या वाटा अशा एकाच युद्धात सापडतात. सैनिकी सेवा आणि नागरी सेवा यांची घरे वेगळी असली तरी परसू एकच आहे.

बेडन-पॉवेलचे पुस्तक निघाल्यावर वर्षभरात, १९०९ मध्ये, हिंदुस्थानातले पहिले बालवीर पथक निघाले ते बंगळुरातच. कॅप्टन टी. एच. बेकर याने ते बिशप कॉटन शाळेत सुरू केले. छावणीतली शाळा, छावणीतली मुले. हिंदी मुलांना बालवीर होता येत नव्हते. बारा वर्षांच्या पोराने शिट्टी वाजवून रस्ता दाखवणे, दोराच्या गाठी मारणे, जखमेला पट्टी बांधणे, यातसुद्धा सरकारला धोका दिसत होता.

मग लोकांनी मागणे सोडले आणि आपले आपण काढायला घेतले. या कथेतली खरी कलाटणी इथे आहे. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला हिंदी मुलांसाठी वेगळी बालवीर संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला सेवा समितीची बालवीर संघटना निघाली. तिच्यामागे मदनमोहन मालवीय, श्रीराम बाजपेयी आणि हृदयनाथ कुंझरू होते. यातले कुंझरू हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटेल. कुंझरू भारत सेवक समाजाचे सदस्य. हा समाज गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापला होता. सेवा हा फावल्या वेळेचा उद्योग नाही, तिला आयुष्य द्यावे लागते आणि तिचे रीतसर शिक्षणही घ्यावे लागते, हा गोखल्यांचा आग्रह होता. गोखल्यांना राजकीय अंगाने मवाळ म्हटले जाते. माणसे घडवण्याच्या बाबतीत ते अजिबात मवाळ नव्हते.

पहिल्या महायुद्धाने परवान्याच्या गोष्टीत एक गमतीदार उलटापालट केली. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्सच्या कायद्याने इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर सेवा सक्तीची झाली. पन्नास वर्षे ‘आम्ही स्वेच्छेने येतो’ म्हणून मिरवणारी बंगळूरची पलटणही त्यात ओढली गेली. आणि ज्यांना आजवर दारातून परत पाठवले होते त्या हिंदी लोकांसाठी त्याच कायद्यात स्वेच्छेने नाव घालायची सोय निघाली! युद्ध संपल्यावर १९२० मध्ये सरकारने पुन्हा दोन खण केले. युरोपीय आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलिअरी फोर्स, हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स. बंगळूरची जुनी पलटण पहिल्या खणात जाऊन बसली आणि १९४७ मध्ये इंग्रजांबरोबरच संपली.

१९२० च्याच सुमारास बंगळूरच्या वायव्येला हुबळीत एक डॉक्टर वेगळाच हिशेब मांडत होता. नारायण सुब्बराव हर्डीकर. आडनाव कोकणातले, कर्मभूमी कर्नाटक, निष्ठा टिळकांवर. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेला, आणि न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतरायांच्या होमरूल लीगचे काम केलेला हा माणूस १९२१ मध्ये परत आला. आरोग्यशास्त्र शिकलेल्या माणसाने स्वयंसेवक दल काढावे, यात मला फार अर्थ दिसतो. साथ कशी पसरते, गर्दी कशी चेंगरते, पाणी कुठे नासते, हे त्याला कळत होते. काँग्रेसच्या सभांना हजारो लोक येत आणि व्यवस्था पाहायला जे ‘व्हॉलंटिअर’ असत ते बहुधा बिल्ला लावून नेत्यांच्या मागेपुढे फिरत. (हे चित्र शंभर वर्षांपूर्वीचे आहे, असे वाचकांनी समजावे.)

१९२३ मध्ये नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. हर्डीकर आपली हुबळीची तुकडी घेऊन गेले आणि तुरुंगात पडले. तुरुंगातल्या जाचाला कंटाळून अनेक सत्याग्रही माफीनामे लिहून देत होते. हुबळीकरांनी दिले नाहीत. त्याची वाहवा झाली आणि त्या डिसेंबरात काकिनाडा अधिवेशनाच्या वेळी हर्डीकरांच्या कल्पनेतले हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, मुख्य ठाणे हुबळीत.

विरोध काँग्रेसमधूनच झाला. कवायत, गणवेश, हुकूम, रांगा. हे सगळे फौजेसारखे दिसते, अहिंसेच्या चळवळीत हे कशाला, असा आक्षेप होता. तो अगदीच खोटा नव्हता. कवायतीची चटक लागते, आणि हुकूम ऐकायची सवय लागलेला माणूस चुकीचा हुकूमही ऐकतो. पण हर्डीकरांचा मुद्दाही बळकट होता. पन्नास हजारांचा जमाव शांत ठेवायचा तर चांगुलपणा पुरत नाही. कोणी कुठे उभे राहायचे हे आधी ठरलेले असावे लागते.

पुढच्याच वर्षी परीक्षा झाली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेस भरली. गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. स्वागताची धुरा गंगाधरराव देशपांड्यांवर होती, स्वयंसेवकांची हर्डीकरांवर. टिळकवाडीच्या माळावर गाव वसवायचे, पाण्याची सोय करायची, संडास साफ ठेवायचे, हरवलेली मुले शोधायची. अधिवेशनाच्या इतिहासात ठराव छापले जातात, संडास छापले जात नाहीत. पण आजही बेळगावात ‘काँग्रेस विहीर’ दाखवतात, आणि त्या अधिवेशनाची ती सर्वांत उपयोगी खूण आहे. हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी सेवा दलाची स्त्री शाखा सांभाळली. घराबाहेर पडून अनोळखी गर्दीला वाट दाखवणे हे त्या काळच्या बाईसाठी सत्याग्रहाइतकेच धाडसाचे होते. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन करायची प्रथाही हर्डीकरांचीच. १९३२ मध्ये सरकारने दलावर बंदी घातली.

स्वयंसेवक या शब्दाला मराठीत जो ठसठशीत अर्थ आला तो याच वर्षांत. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये स्वयंसेवकांची व्यवस्था पाहिलेल्या डॉ. हेडगेवारांनी १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला. पुण्यात ४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. विचाराने दोन टोके, पण संध्याकाळी मैदानावर जमायचे, रांगेत उभे राहायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी. मराठी घरांतल्या एका पिढीचे राजकारण, लग्ने आणि भांडणे या दोन मैदानांवर ठरली.

तिकडे फौजेतला ‘व्हॉलंटिअर’ मात्र निराळ्याच वाटेने चालला होता. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली आणि सक्तीची भरती न करता उभी राहिलेली जगातली सर्वांत मोठी फौज म्हणून तिचा आजही गौरव होतो. कायद्याने सक्ती नव्हती हे खरे. पण दुष्काळ, कर्ज आणि वाटण्या होऊन उरलेला जमिनीचा तुकडा यांच्या सक्तीची नोंद कुठल्या कायद्यात असते? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले. ते सगळे स्वेच्छेने गेले होते. त्या स्वेच्छेत परंपरेचा अभिमान किती आणि पोटाची आग किती, हे तोलणारा तराजू माझ्याकडे नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर परवाना देणारे हात बदलले आणि दोन-तीन वर्षांत सगळी दारे उघडली. मुंबई दंगलींनी हैराण असताना ६ डिसेंबर १९४६ रोजी गृहमंत्री मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने होमगार्ड उभे राहिले. पोलिसांच्या मदतीला सामान्य नागरिक, ही कल्पना पुढे सर्व राज्यांत गेली आणि कर्नाटकात (तेव्हाचे म्हैसूर राज्य) १९६२ मध्ये तिचा कायदा झाला. शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी सैनिकी शिक्षण कसे असावे, हे ठरवायला १९४६ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर हृदयनाथ कुंझरू! सेवा समितीच्या बालवीरांचा माणूस एनसीसीचा आराखडा करत होता. १९४८ मध्ये एनसीसीचा कायदा झाला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी प्रादेशिक सेनेचे उद्घाटन केले.

प्रादेशिक सेनेची कल्पना मला सर्वांत देखणी वाटते. माणसाला स्वतःचा कामधंदा असलाच पाहिजे ही तिची अट आहे. वर्षातून ठरावीक काळ गणवेश घालायचा, एरवी आपला उद्योग करायचा, गरज पडली तर सीमेवर जायचे. आपल्याकडे कोल्हापूरला १०९ क्रमांकाची मराठा पलटण आहे, बंगळुरात १०६ क्रमांकाची छत्रीधारी पलटण. महेंद्रसिंग धोनी मानद लेफ्टनंट कर्नल म्हणून २०१९ च्या उन्हाळ्यानंतर काश्मीरमध्ये पहाऱ्यावर गेला तो या १०६ मधूनच. १८६८ च्या रायफलवाल्यांची हीच कल्पना होती, कामावरून सुटायचे आणि कवायतीला जायचे. वंशाची अट तेवढी गेली.

परवानगी मिळाली, तशी सक्तीची भाषा सुरू झाली. सरकारांना या बाबतीत मधली जागा सापडतच नाही. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने सुचवले, की शाळा संपवून कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा केलीच पाहिजे. शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी वेगवेगळ्या देशांतले अनुभव पाहिले आणि ती ऐच्छिकच ठेवावी असा सल्ला दिला. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली. रायफली पुरेशा नाहीत, शिकवायला अधिकारी नाहीत, आणि उन्हात उभी केलेली लाखो अनिच्छुक पोरे. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. हे रावसाहेब पुढे बंगळुरात आले आणि १९७२ मध्ये त्यांनी तिथे सामाजिक आणि आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी मोठी संस्था उभारली. आपल्यातल्या पुष्कळांनी या योजनेच्या शिबिरात कुठल्या तरी खेड्यात चर खणले आहेत, आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या वाढीव गुणांचा हिशेबही केला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गुणांसाठी गेलेली काही मुले तिथेच रमली.

आज बंगळुरात स्वयंसेवेला परवाना लागत नाही. रविवारी तळ्याकाठी कचरा वेचणारे संगणक अभियंते आहेत, चौकात पोलिसांच्या शेजारी उभे राहणारे ट्रॅफिक वॉर्डन आहेत. ७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची तालीम झाली तेव्हा या जुन्या दलांची अनेकांना पहिल्यांदाच माहिती झाली.

आता प्रश्न दुसऱ्या टोकाला गेला आहे. एकेकाळी ‘तुम्ही स्वयंसेवक होऊ शकत नाही’ असे सांगून लोकांना बाहेर ठेवत. आता ‘तुम्ही स्वयंसेवकच आहात’ असे सांगून आत ठेवतात. होमगार्ड वर्षानुवर्षे पोलिसांच्या बरोबरीने उभा राहतो, पण तो स्वयंसेवक, म्हणून पगार नाही, भत्ता. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०१५ रोजी सांगितले, की त्याला नोकरीत कायम करता येणार नाही, पण त्याचा रोजचा भत्ता निदान पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका तरी असला पाहिजे. २००५ नंतर खेडोपाडी नेमलेल्या ‘आशा’ तर महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत सरळ ‘आशा स्वयंसेविका’ आहेत. बाळंतपणे, लसीकरण, क्षयाची औषधे, करोनातले घरोघरचे सर्वेक्षण, सगळे त्यांच्या माथी. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. त्यांना मिळते ते मानधन. मान देऊन भागवायचे आणि त्याच्या पुढे धन हा शब्द लावायचा, ही आपली रीत मोठी सोयीची आहे.

बंगळुरात रेसकोर्सपासून जवळ फ्रीडम पार्क आहे. तिथे पूर्वी मध्यवर्ती तुरुंग होता, रायफल व्हॉलंटिअर्सच्याच काळात बांधलेला. आणीबाणी लागली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेल्या वाजपेयी आणि अडवाणींबरोबर राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले मधू दंडवते याच तुरुंगात डांबले गेले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा-बायकोची पत्रे या तुरुंगातून त्या तुरुंगात जात. तुरुंग पुढे हलवला, जागेचे उद्यान झाले आणि शहरातली धरणी-निदर्शने तिथेच होऊ लागली.

जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरातल्या आशा तिथे येऊन बसल्या. मागणी महिना १५,००० रुपयांची होती. थंडीत चार दिवस त्या उघड्यावर होत्या. मुख्यमंत्र्यांनी किमान १०,००० चे आश्वासन दिल्यावर त्या उठल्या आणि आपापल्या गावी कामावर गेल्या.